उणे अडतीस

कॅमेरा आधी गारठू द्यायचा असतो.
कोटाच्या उबेतून काढून थेट वाफेपुढे धरलात
तर काच आंधळी होते,
आणि पुसायला जाल तर पुसल्याचाही बर्फ.
म्हणून मी तो तासभर कुंपणाच्या खुंटीला टांगून ठेवतो,
बॅटऱ्या मात्र काखेत,
अंडी उबवावीत तशा.

एस्सोत ऊन डोंगर चढून यायला दहा वाजतात.
तोवर कुंड आपलं एकटंच वाफाळत असतं.
हेच पाणी शाळेच्या भिंतींतून फिरतं,
दवाखान्याच्या, माझ्याही.
कामचात्काच्या पोटात काय शिजतंय
ते आम्ही विचारत नाही, मोजे वाळत घालतो.

पाहुण्यांना हवे असतात केसांचे काटे,
पांढऱ्या पापण्या, वर काढलेला अंगठा.
काढून देतो. त्यातच माझं तेल-मीठ.

अव्दोत्या इन्नोकेन्तियेव्ना मंगळवारी आली,
कोणी नसताना.
लोकरीची टोपी, नवऱ्याचे रेनडिअरच्या कातड्याचे बूट
फरफटत.
गळ्यापर्यंत पाण्यात उतरली, डोळे मिटले,
बऱ्याच वेळानं म्हणाली,
माझा एक काढ. दगडावरचा.

आमच्याकडे थडग्याला चेहरा लावतात,
चिनी मातीच्या अंडाकृती तुकड्यावर भाजलेला,
बर्फानं न पुसणारा.
मी म्हणालो, पासपोर्टचा आहे की तुमचा, चांगला आलाय.
ती म्हणाली, त्यात मला थंडी वाजतेय.

आता याला काय बोलायचं?
चेहरा स्पष्ट लागतो, मी सांगितलं,
नाहीतर पेत्रोपाव्लोव्स्कचा भाजणारा परत पाठवतो.
मग वाऱ्याला सांग, म्हणाली.

वारा नव्हता.
इतक्या थंडीत तो नसतोच, आणि नसतो म्हणून आपण असतो.
वाफ सरळ वर, तिच्या हनुवटीपासून आभाळापर्यंत,
आणि तिच्यात ऊन घुसलं तेव्हा
सगळं इतकं पांढरं झालं
की मला माझा हातही सापडेना.
आतून तिचा आवाज येत राहिला.
एव्हेन भाषेतले दोन-चार शब्द, मग रशियन, मग हसणं.
एकतीस हिवाळे तिनं कळपामागं काढले.
डावं पाऊल तेव्हापासून तिचं नाहीच, म्हणते, उसनं आहे.
कळप विकला त्या वर्षी झाखारनं तिला इथं आणलं,
आणि ती पाण्यात बसून रडली,
कारण त्याचे पैसे पडत नव्हते.

मी शटर दाबत होतो.
बोट कळेनासं झालं की काखेत, पुन्हा बाहेर.
एकदा टोपी आली.
एकदा कान, खूप मोठा, कोणाचाही असेल असा.
एकदा तिनं हातानं वाफ बाजूला सारली,
पडदा सारावा तशी, पाहुणा आलाय का बघायला,
तर फोटोत हात आला, चेहरा नाही.
मग बॅटरी संपली, दुसरी काढली, तीही निम्मी.
शेवटी मीच गुडघ्यावर बसून फुंकर मारली,
माझीही वाफच निघाली, दोन्ही एक झाल्या,
आणि ती इतकी हसली की पाण्याला लाटा आल्या.

संध्याकाळी तिच्या स्वयंपाकघरात
कॅमेऱ्याच्या चिमुकल्या पडद्यावर सगळे दाखवले.
चहा ओतत, चष्मा कपाळावर,
ती एकेकावर मान हलवत गेली.
हसतानाचा एक होता, नाक आणि अर्धं तोंड,
तो तिनं दोनदा बघितला.
म्हणाली, दात किती कमी राहिलेत.
मग ज्यात कोणीच नव्हतं,
कडेला कुंडाची फळी आणि बाकी पांढरं,
तिथं बोट ठेवलं.
हा पुसू नकोस. हा नंतर लागेल.
आणि दगडावर?
दगडावर पासपोर्टचाच लाव, सरकारी कामाला सरकारी तोंड.

ते मागच्या हिवाळ्यात.
परवा आली होती, ठणठणीत,
पाणी पूर्वीइतकं कढत नाही म्हणून
कुंडाच्या रखवालदाराशी भांडत.
मी कॅमेरा खुंटीला टांगला होता.
तिनं जाता जाता त्याच्यावरचा बर्फ
बोटानं खरवडला,
आणि काच तेवढी राहू दिली.